चासी नंबर विचारणारा दुकानदार

एमएच 42 पासिंगची जुनी स्विफ्ट दारात आली की बारामती-इंदापूरकडच्या पोरांना दोन गोष्टी लगेच सुचतात, अलॉय आणि एअर फिल्टर. मोबाइलवर फोटो बघून ऑर्डर जाते, चार दिवसांत खोकं येतं आणि भिगवण रस्त्यावरच्या गॅरेजात मिस्त्री चाक हबसमोर धरून मान हलवतो. स्विफ्टच्या चाकाला चार भोकं लागतात, 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर. आलेल्या चाकाचं वर्तुळ तेवढंच, पण भोकं पाच. हे माप पोलोचं.

अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘दुकानदाराने फसवलं.’ खरं तर बहुतेकदा कोणी कोणाला फसवलेलं नसतं. विकणाऱ्याने विचारलेलं नसतं, घेणाऱ्याने सांगितलेलं नसतं. एकाच नावाची गाडी पंधरा वर्षांत तीनदा बदलते. बीएस 4 आणि बीएस 6 मध्ये सेन्सर, पाइप, सायलेन्सरचं तोंड, सगळं वेगळं. म्हणूनच अशा खास पार्टचा धंदा मन लावून करणारा माणूस पैसे घेण्याआधी मॉडेल, साल, व्हेरिएंट आणि आरसीवरचा सतरा अक्षरी-आकडी चासी नंबर मागतो. गिऱ्हाइकाला ती कटकट वाटते. पण दुकान पारखायची यापेक्षा चांगली खूण नाही, आणि ती पैसे देण्याआधीच दिसते.

टायरचंही तसंच. ‘मोठा टायर म्हणजे जास्त पकड’ असं म्हणत लोक माप वाढवतात. मारुतीने स्विफ्टच्या साध्या मॉडेलला 165/80 आर 14 आणि वरच्या मॉडेलला 185/65 आर 15 टायर दिले. रिम एक इंचाने वाढली, तरी हिशेब केला तर पहिल्या टायरची एकूण उंची 619.6 मिलिमीटर येते आणि दुसऱ्याची 621.5. फरक दोन मिलिमीटरचा. आता त्याच रिमवर 205/65 चढवला की उंची 647.5 होते, म्हणजे मूळच्या 621.5 पेक्षा चार टक्क्यांहून थोडी जास्त. मीटरच्या काट्यात तेवढीच तफावत पडते आणि वळणावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता वाढते. हा हिशेब करायला कागद-पेन्सिल पुरते, पण दुकानदाराने तो आधी करून दाखवायला हवा.

‘दमदार माल बाहेरूनच येतो’ हा समज तर बारामतीत टिकूच नये. इथल्या एमआयडीसीत पियाजिओची अ‍ॅपे तयार होते, 2012 पासून व्हेस्पा तयार होते, आणि 457 सीसीची, दोन सिलिंडरची अ‍ॅप्रिलिया आरएस 457 ही स्पोर्ट्‌स बाइकही इथलीच. परदेशच्या बाजारातही ती इथूनच जाते. भारत फोर्जचा कारखानाही याच एमआयडीसीत आहे. तेव्हा खोक्यावर परदेशी नाव दिसलं म्हणून भुलण्यात अर्थ नाही. पाकीटबंद आयात मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. स्टिकर नसलेलं खोकं हातात आलं की तिथेच थांबावं.

सगळ्यात जास्त पैसे ज्यात बुडतात तो समज रिमॅपचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याचा. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावात तयार व्हायचं. स्विफ्ट, इंडिका विस्टा, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते होतं. कुठे त्याची ताकद 75 पीएस, कुठे 90. यावरून गावोगाव एक गोष्ट पसरली, ‘इंजिन एकच आहे, कंपनीने मुद्दाम दाबून ठेवलंय, लॅपटॉप लावला की खुलतं.’ इंजिनाचा गाभा एकच होता हे खरं. पण 90 पीएसच्या इंजिनावर पाती हलणारा, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो होता. 75 पीएसवर साधा. सॉफ्टवेअर बदलून लोखंड बदलत नाही. साध्या टर्बोवर डिझेल आणि बूस्ट वाढवला तर ताकद थोडी वाढते जरूर, पण टर्बो जास्त तापतो, क्लचप्लेट घसरायला लागते आणि मागून काळा धूर निघतो. इंदापूरहून पुण्याला सोलापूर हायवेने रोज पळणाऱ्या गाडीला हा सौदा परवडणारा नाही. चांगला ट्यूनर क्लचची अवस्था आधी तपासतो आणि वेळ आली तर ‘या गाडीला नको’ असंही सांगतो.

एअर फिल्टरबाबत आपल्या भागाचा वेगळाच प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या वाटांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे धुळीचा लोट उठतो. फिल्टरमधून हवा जितकी मोकळी जाईल, तितकी बारीक धूळही आत शिरण्याची भीती जास्त, आणि ही धूळ सिलिंडरचा लायनर घासते. कापडी फिल्टरला तेल लावायचं असतं. ते जास्त झालं तर पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी पिकअप सोडते. मग दोष फिल्टरच्या माथी येतो. धुवायचा कसा, तेल किती लावायचं, हे सांगणारा कागद खोक्यात होता का, हे कोणी विचारत नाही.

सायलेन्सरची पुंगळी काढली की गाडी पळते, हाही असाच भ्रम. आवाज वाढतो, वेग नाही. लहान इंजिनात तर खालचा जोर कमी होण्याचीच शक्यता. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला कंपनीतून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. परवानगी न घेता बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘दुकानात उघड विकतात म्हणजे चालतं’ असं नाही. दंडाची पावती मालकाच्या नावाने फाटते. मान्यताप्राप्त सीएनजी किटला मात्र मार्ग आहे, आरसीवर नोंद करून.

उरला परतीचा प्रश्न. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का बिलावर दिसला की लोक गप्प बसतात. बसू नये. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर 30 दिवसांत परत घेण्यास नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही तसंच. दुकान दिल्लीचं असो की कोइमतूरचं, इंदापूरच्या ग्राहकाला पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडेच तक्रार करता येते, ऑनलाइनही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करता येतो. मात्र आपणच चुकीचं माप मागवलं असेल, तर तो माल सदोष ठरत नाही. म्हणून ऑर्डर देताना चासी नंबर फोनवर न सांगता लेखी मेसेजने पाठवावा, ‘या गाडीला बसेल’ हे उत्तरही लेखीच घ्यावं आणि खोकं फोडताना मिस्त्रीच्या हातात पार्ट जाण्याआधी त्यावरच्या नंबराचा फोटो काढून ठेवावा.