शरीरबाह्य ऑक्सिजनीकरण व एचआयव्ही संसर्ग

शरीरबाह्य ऑक्सिजनीकरण व एचआयव्ही संसर्ग : फुप्फुसे तात्पुरती निकामी झाली असता रुग्णाचे रक्त शरीराबाहेर नेऊन, त्यास ऑक्सिजन पुरवून व त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड काढून टाकून ते परत शरीरात सोडण्याच्या पद्धतीस शरीरबाह्य पटल-ऑक्सिजनीकरण म्हणतात. रुग्णालयांत ती ‘एक्मो’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. या पद्धतीने रोग बरा होत नाही. औषधे लागू पडेपर्यंत रुग्णास जिवंत ठेवणे एवढेच तिचे कार्य आहे. त्यामुळे मूळ रोग बरा होण्याजोगा आहे की नाही, हा प्रश्न तिच्या वापरात निर्णायक ठरतो. एचआयव्ही-बाधितांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर १९८१ नंतरच्या काळात पालटत गेले.

कार्यपद्धती : मांडीतील किंवा मानेतील मोठ्या नीलेत जाड नलिका बसवून पंपाने मिनिटास सु. ४ ते ६ लिटर रक्त बाहेर घेतात. ते सूक्ष्म पोकळ तंतूंच्या जुडग्याभोवतून वाहते व तंतूंच्या आतून ऑक्सिजन वाहतो. वायूंची देवघेव तंतूंच्या भित्तींतून होते. नंतर रक्त शरीराच्या तापमानास आणून नीलेतच परत सोडतात. यामुळे श्वसनयंत्राचा दाब कमी ठेवता येतो आणि फुप्फुसांस विश्रांती मिळते. रक्त गोठू नये म्हणून हेपारीन द्यावे लागत असल्याने रक्तस्राव हा मोठा धोका असतो. जंतुसंक्रामणाचीही भीती असते.

इतिहास : जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्र यशस्वी रीत्या वापरले, परंतु ते काही तासच चालविता येई. डॉनल्ड हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अपघातग्रस्त तरुणास असा आधार ७५ तास देऊन वाचविल्याचे प्रसिद्ध केले. तथापि अमेरिकेतील ९० रुग्णांवरील चाचणीत (१९७९) हा आधार मिळालेल्या व न मिळालेल्या, अशा दोन्ही गटांत दहांपैकी सुमारे एकच रुग्ण वाचला. सुधारित उपकरणे आल्यावर २००९ मधील ब्रिटिश चाचणीनंतर या पद्धतीस पुन्हा चालना मिळाली.

एचआयव्ही-बाधितांतील उपयोग : जून १९८१ मध्ये लॉस अँजेल्स येथील ज्या पाच रुग्णांच्या वृत्तांताने एड्सची पहिली नोंद झाली, त्यांना न्यूमोसिस्टिस या कवकामुळे होणारा फुप्फुसशोथ झाला होता. एक घ. मिमी. रक्तातील सीडी-४ कोशिका २०० पेक्षा कमी झाल्यावर हा रोग विशेषेकरून होतो. आरंभीच्या वर्षांत कृत्रिम श्वसन द्यावे लागलेले बहुतेक रुग्ण दगावत. शिवाय मूळ व्हायरसावर परिणामकारक उपाय नसल्याने एचआयव्ही-बाधा हीच एक्मो नाकारण्यास पुरेसे कारण समजली जाई.

सु. १९९६ पासून संयुक्त व्हायरसरोधी उपचार रूढ झाले व ही भूमिका शिथिल होऊ लागली. ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल हे औषध २१ दिवस देतात. रोहिणी-रक्तातील ऑक्सिजनाचा दाब ७० मिमी. पाऱ्यापेक्षा कमी असल्यास कॉर्टिकोस्टेरॉइडेही देतात. या रोगात फुप्फुसांत पातळ भित्तींच्या पोकळ्या होतात. श्वसनयंत्राच्या दाबाने त्या फुटून फुप्फुसावरणात हवा शिरते. अशा वेळी एक्मोने दाब टाळता येतो, हा तिचा विशेष लाभ होय. व्हायरसरोधी औषधे नळीवाटे जठरात देता येतात. मात्र प्रतिकारक्षमता पुन्हा जागृत होताना फुप्फुसांतील शोथ वाढण्याचा संभव असल्याने रुग्णावर बारकाईने लक्ष ठेवावे लागते.

असे रुग्ण दीर्घकाळ एक्मोवर राहूनही बरे झाल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले आहेत. तथापि हा पुरावा प्रामुख्याने एकेकट्या रुग्णांच्या व लहान गटांच्या निरीक्षणांचा आहे. म्हणून रुग्णाचे वय, इतर इंद्रियांची स्थिती, श्वसनयंत्रावर गेलेले दिवस व रोग बरा होण्याची शक्यता यांवरून निर्णय घेतात. केवळ एचआयव्ही-बाधा हे नकाराचे कारण मानले जाऊ नये, असे मत आता मान्यता पावत आहे. भारतात १० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ अन्वये या बाधेच्या कारणावरून आरोग्यसेवा नाकारण्यास मनाई आहे. महागडी यंत्रसामग्री व प्रशिक्षित कर्मचारी मोजक्याच रुग्णालयांत असल्याने बाधेचे लवकर निदान आणि नियमित औषधोपचार यांनी हा प्रसंग टाळणे, हाच बहुसंख्य रुग्णांसाठी खात्रीचा मार्ग होय.