विद्यापीठ परिसर : आरोग्य, स्वास्थ्य आणि शाश्वतता

प्रस्तावना :
महाविद्यालयातील आरोग्यविषयक कार्य म्हटले की रक्तदान शिबिर, आरोग्य तपासणी आणि वृक्षारोपण हे उपक्रम डोळ्यांसमोर येतात. हे उपक्रम उपयुक्त आहेतच. तथापि वर्षातील दोन-चार दिवसांच्या कार्यक्रमांनी परिसर आरोग्यदायी होत नाही. उरलेल्या दिवसांत विद्यार्थी कोणते पाणी पितो, काय खातो आणि मन अस्वस्थ असता कोणाशी बोलतो, यावर त्याचे आरोग्य अवलंबून असते.

संकल्पनेचा विकास :
१९८६ च्या ओटावा सनदेने आरोग्याचा विचार रुग्णालयाबाहेर आणून तो माणसाच्या दैनंदिन जीवनाशी जोडला. याच विचाराचा विद्यापीठांपुरता विस्तार जून २०१५ मध्ये कॅनडातील केलोना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतील ओकानागन सनदेत आढळतो. तिची दोन आवाहने आहेत. पहिले, प्रशासन, अध्यापन आणि परिसर-संस्कृती या सर्वांत आरोग्याचा अंतर्भाव करणे. दुसरे, आरोग्य-संवर्धनात समाजाचे नेतृत्व करणे. व्यक्ती, स्थळ आणि पृथ्वी यांचे स्वास्थ्य परस्परांपासून वेगळे करता येत नाही, ही या सनदेची मूळ धारणा होय.

भारतीय संदर्भ :
२००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०१६ मध्ये उपाहारगृहांतून जंक फूड हटविण्याची सूचना केली. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही निःशुल्क सेवा उपलब्ध आहे. म्हणजे उणीव नियमांची नसून अंमलबजावणीची आहे.

दैनंदिन निर्णयांचे महत्त्व :
स्वच्छतागृह अस्वच्छ असेल, तर विद्यार्थिनी दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. त्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. उपचार डॉक्टर करतील. परंतु कारण मात्र प्रशासकीय राहते. खेड्यातून पहाटेच्या एस.टी.ने निघालेला विद्यार्थी अनेकदा उपाशीपोटी वर्गात बसतो. सलग तासिका आणि लगेच प्रात्यक्षिक असे वेळापत्रक असेल, तर पौष्टिक आहारावरील व्याख्यान त्याच्या उपयोगी पडत नाही. त्याला मधल्या सुट्टीची गरज असते. शुद्ध पाण्याचे नळ पुरेसे असतील, तर आजार कमी होतात आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा कचराही घटतो. येथे आरोग्य आणि शाश्वतता एकाच निर्णयातून साधतात.

समारोप :
मूल्यांकनाच्या अहवालात लावलेल्या रोपांची संख्या सहज नोंदविता येते. वर्षअखेरीस त्यांपैकी किती जगली, हे क्वचितच विचारले जाते. विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याबाबतही हाच प्रश्न विचारणे आवश्यक आहे. वेळापत्रक समिती, उपाहारगृह समिती आणि विद्यार्थी कल्याण समिती यांवर प्राध्यापकच असतात. त्यामुळे आरोग्यदायी परिसराची सुरुवात नव्या निधीची वाट न पाहता या समित्यांच्या पुढील बैठकीपासून करता येईल.