ताडपत्रीवरचं नाव, आरसीवरचं नाव

न्हावाशेवा बंदराकडे जाताना करळ फाट्याच्या आसपास ट्रेलरची रांग लागली की ड्रायव्हर खाली उतरतात, टपरीवर चहा घेतात आणि बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं: कोणाची गाडी चालवतोस, मालक कसा आहे, ट्रीपला काय देतो? अमक्या ट्रान्सपोर्ट कंपनीत जावं की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. टपरीवरची माहिती खोटी नसते, पण ती दिसणाऱ्या गोष्टींची असते. गाडी नवी आहे, खुराकी रोख मिळते, सेठ फोन उचलतो. पोटापाण्याचा प्रश्न जिथे ठरतो ते कागद टपरीवर कोणी काढत नाही. म्हणूनच त्या चहासोबत कानावर पडणाऱ्या काही समजुती एकेक करून तपासून बघू.

गैरसमज १ : कंपनीचं नाव मोठं, म्हणजे नोकरीही पक्की.

वस्तुस्थिती : नाव कंपनीचं असतं, गाडी दुसऱ्याची असू शकते. मोठ्या वाहतूक कंपन्या स्वतःच्या गाड्यांबरोबर ‘अटॅच’ गाड्याही चालवतात, आणि माल वाढला की मार्केटमधून गाड्या उचलतात. ताडपत्रीवर आणि बिल्टीवर कंपनीचं नाव झळकतं. आरसीवर मात्र दोन-तीन गाड्या असलेल्या एखाद्या मालकाचं नाव असतं. पगार थकला किंवा अपघात झाला, की कंपनी त्या मालकाकडे बोट दाखवते.

म्हणून पहिला प्रश्न हाच : मला कामावर कोण ठेवतंय? आरसी बघायला मागा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. मग नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनुसार, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ते देणं मालकाला बंधनकारक आहे. साधारणपणे पीएफ वीस माणसांपासून आणि ईएसआय दहा माणसांपासून लागू होतं, त्यामुळे छोट्या मालकाकडे यातलं काही नसेलही. तो माणूस म्हणून वाईट असतो असं नाही. त्यातले कित्येक जण स्वतः वीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेले असतात. फक्त आपण कोणाच्या दारात उभे आहोत, हे आधी कळलेलं बरं.

गैरसमज २ : ट्रीपला जास्त देतो तो मालक चांगला.

वस्तुस्थिती : ट्रीपचा आकडा दिवसांनी भागल्याशिवाय त्याला अर्थ नाही. समजा, एक मालक फेरीला ६,००० देतो आणि दुसरा ४,५००. पहिल्याची गाडी भरायला दोन दिवस, खाली करायला तीन दिवस आणि रस्त्यात तीन दिवस, असे आठ दिवस गेले, तर दिवसाला ७५० पडले. दुसऱ्याची फेरी पाच दिवसांत पुरी होत असेल, तर तिथे ९०० पडतात. गोदामाच्या दारात गाडी अडकली की त्याचं हॉल्टिंग मालाच्या मालकाकडून वसूल केलं जातं. त्यातलं ड्रायव्हरच्या हातात काय पडतं, हे बोलणीच्या वेळीच विचारायचं. हॉल्टिंगचं नाव काढल्यावर समोरचा विषय बदलत असेल, तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

गैरसमज ३ : पगार कमी, भत्ता जास्त असला तरी काय बिघडतं? पैसे तेवढेच.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारी समजूत ही. भत्ता रस्त्यावरच जिरतो. दोन वेळचं जेवण, अंघोळ, पार्किंग, गाडीवर लक्ष ठेवणाऱ्याचे पैसे. आणि जो उरतो, तो हिशेबात धरला जात नाही.

हा हिशेब वाईट दिवशी उघडतो. कामावर असताना ड्रायव्हरचा मृत्यू झाला, तर कायद्याने मिळणारी भरपाई महिन्याच्या पगारावर ठरते : पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. वय तीस असेल, तर गुणांक २०७.९८. या हिशेबासाठी धरायच्या पगाराची कमाल मर्यादा केंद्र सरकारने २०२० मध्ये १५,००० केली.

आता दोन ड्रायव्हर घ्या, दोघंही तिशीचे, दोघांच्याही हातात महिन्याला २०,००० येतात. पहिल्याचा पगार १५,००० आणि भत्ता ५,०००. त्याच्या घरच्यांना १५,५९,८५० रुपये मिळतील. दुसऱ्याचा पगार १०,००० आणि भत्ता १०,०००. त्याच्या घरच्यांना १०,३९,९०० मिळतील. काम तेच, रस्ता तोच, आणि फरक पाच लाखांहून जास्त. पीएफचंही तसंच : पगाराच्या १२ टक्के तुमचे आणि तेवढेच मालकाचे, म्हणजे कागदावरचा पगार उतरला की दोन्ही बाजू उतरतात. नव्या संहितेनुसार एकूण मोबदल्यात भत्ते निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग पगारातच धरावा लागतो. निम्म्यापर्यंतची पळवाट मात्र उघडी आहे.

पीएफ कापला जातो असं सांगितलं, तर यूएएन नंबर मागून पासबुक बघा. कापलेला पैसा आणि भरलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पीएफ चालू असलेल्या कामगाराचा मृत्यू झाला, तर त्याच्याशी जोडलेल्या विम्यातून घरच्यांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. हे तर पुष्कळांना माहीतही नसतं.

गैरसमज ४ : गाडीचा विमा आहे, म्हणजे ड्रायव्हरचाही आहे.

वस्तुस्थिती : थर्ड पार्टी विमा मुख्यतः समोरच्यासाठी असतो. पॉलिसीवर पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीची वेगळी ओळ आणि तिचा वेगळा हप्ता दिसतो का, ते बघा. हप्ता किरकोळ असतो. तोही वाचवणारा मालक बाकी कुठे वाचवत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

गैरसमज ५ : ओव्हरलोडचा दंड मालक भरेल, आपलं काय जातं?

वस्तुस्थिती : पासिंगपेक्षा जास्त माल भरला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. हा दंड गाडी चालवणाऱ्यालाही लागतो आणि चालवायला लावणाऱ्यालाही. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला, तर ४०,०००. जास्तीचं वजन उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देऊ नये, असंही कायदा सांगतो.

चालक स्वतः मालक नसेल, तर जास्त वजन मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच भरलं गेलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. ही तरतूद कलम ११३ मध्ये आहे. म्हणजे ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणून मालकाला सहज सुटता येत नाही. तरीही उतारावर ब्रेक लागला नाही, तर केबिनमध्ये तुम्हीच असता. म्हणून प्रत्येक फेरीची काट्याची पावती स्वतःजवळ ठेवा. आणि नोकरी ठरवतानाच सरळ विचारा : पासिंगवर भरता की वर? ‘थोडं इकडेतिकडे चालतं’ असं उत्तर आलं, तर ते ‘वर’ असंच ऐकायचं.

गैरसमज ६ : ई-वे बिलाची मुदत असते, त्यामुळे रात्रंदिवस पळावंच लागतं.

वस्तुस्थिती : मोठ्या आकाराचा खास माल सोडला, तर ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. ८०० किलोमीटरच्या फेरीला चार दिवस. गाडी अडकली, तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत ती वाढवून घेता येते. एका रात्रीत ८०० पळवायची घाई सरकारी कागदाची नसते. ती मालकाने गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दाची असते. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे. आठ तासांची मर्यादा नव्या संहितेतही आहे. लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर मिळतो की नुसता किन्नर, या एका प्रश्नात कंपनीचं बरंचसं चरित्र कळतं.

गैरसमज ७ : उचल घेतली की फिटेपर्यंत बांधलो, आणि लायसन्स सेठकडे ठेवायचीच पद्धत असते.

वस्तुस्थिती : उचल हे कर्ज आहे. ते फेडायचं असतं. पण त्या बदल्यात माणसाला कामावर अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरतं. ऊसतोडीच्या गावांमध्ये उचल म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ट्रकच्या धंद्यातली उचलही त्याच घरची. किती घेतली आणि दर महिन्याला किती कापणार, ते वहीत दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. लायसन्स ठेवून घेण्याचा हक्क मालकाला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. डिजिलॉकरमधलं लायसन्स रस्त्यावर अस्सलाइतकंच चालतं, म्हणून ते मोबाइलमध्ये असू द्या.

गैरसमज ८ : लायसन्स आहे ना, मग कुठलीही गाडी चालते.

वस्तुस्थिती : सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर भरलेल्या वजनासह ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. त्यापुढच्या गाडीला जड वाहनाचं लायसन्स हवं, आणि पेट्रोल-केमिकलच्या टँकरला तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद हवी. ‘चालव रे, मी बघतो’ म्हणणारा मालक अपघातानंतर काही बघत नाही.

जाता जाता एसीचं. केबिनमध्ये एसी आहे म्हणून मालक दिलदार, असं समजू नका. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन कायद्यानेच सक्तीची आहे. दिलदारपणा बघायचा, तर डिझेल वाचवण्यासाठी तो बंद ठेवायला सांगतात का, ते विचारा.

हे सगळं ऑफिसात बसून विचारलं, तर गोड उत्तरं मिळतील. त्यापेक्षा त्या कंपनीची गाडी जिथे खाली होते, तिथे जाऊन तिच्या ड्रायव्हरला चहा पाजा. पगार कोणत्या तारखेला होतो, गाडी बिघडली की फोन कोण उचलतं आणि याच्या आधीचा ड्रायव्हर का गेला, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला तो हसून इकडेतिकडे बघू लागला, तर चहाचे पैसे द्या आणि दुसरी गाडी शोधा.