भोक केवढं हवं?

जुनी चेतक चालती ठेवणारा माणूस स्पेअरच्या दुकानात जाऊन कार्बोरेटर मागतो, तेव्हा काउंटरवरून एकच प्रश्न येतो : "ओरिजनल देऊ की लोकल?" पिंपरी-चिंचवडात त्याला कुणी कार्बोरेटर म्हणत नाही, म्हणतात कार्बेटर. खरं तर आधी विचारायला हवं ते हे : जुन्या कार्बेटरच्या अंगावर आकडा कोणता आहे?

हा आकडा इटलीहून आला. बजाजने 1960 मध्ये पियाजियोशी करार केला आणि व्हेस्पा आकुर्डीत बनू लागली. करार 1971 मध्ये संपला, पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. नाव बदललं तरी उजव्या पॅनलखालची मांडणी व्हेस्पाचीच राहिली आणि तिच्यासोबत डेलॉर्टो कंपनीचा एसआय जातीचा कार्बेटरही. भारतात तो परवान्यावर स्पाकोने बनवला. जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी आजही 'स्पाको' हे कंपनीचं नाव कमी आणि वस्तूचं जास्त असतं.

मोटरसायकलचा कार्बेटर बाहेर दिसतो. हा मात्र डब्यात बंद, वर फिल्टरचं झाकण. रबरी नळीच्या टोकाला न लोंबता तो दोन लांब बोल्टांनी थेट क्रँककेसवर बसतो. आत क्रँकचीच बाजू फिरता फिरता मिश्रणाचं दार उघडते आणि लावते. ॲक्सिलरेटरने सरकणाऱ्या स्लाइडला लोंबती सुई नाही. मिश्रण सांभाळतं ते एकावर एक बसवलेलं पितळी त्रिकूट : वर हवेचं जेट, मध्ये भोकाभोकांची नळी, खाली पेट्रोलचं मेन जेट. हे त्रिकूट स्क्रू-ड्रायव्हरने अख्खं उचलून हातात येतं. इतका सुटसुटीत कार्बेटर मी दुसरा पाहिलेला नाही.

अंगावर 20/15, 20/17 किंवा 20/20 असं काहीतरी ओतलेलं असतं. पहिला आकडा घशाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा, मिश्रण खाली क्रँककेसमध्ये उतरतं त्या तोंडाचा. 200 सीसीच्या मोठ्या व्हेस्पांवर 24/24 असायचा. बाहेरून ही सगळी भावंडं सारखीच दिसतात, म्हणून "चेतकचा द्या" एवढं सांगून भागत नाही. जुना काढून, पुसून, आकडा वाचून मगच दुकानाची पायरी चढावी.

मोठा बसवला तर जास्त पळेल, हा समज जुना आहे आणि जगभरचा आहे. अमेरिकेत यामाहाची बॅन्शी नावाची टू-स्ट्रोक क्वाड होती, चार चाकांची, वाळूच्या टेकड्यांवर उडवायची. 347 सीसी, दोन सिलिंडर, प्रत्येकाला मिकुनी कंपनीचा 26 मिलिमीटरचा कार्बेटर. तिचे मालक 28 लावू की त्याहून मोठा यावर रात्री जागवतात. आपल्याकडे हाच जागर आरएक्स 100वाल्या पोरांचा. पण घसा रुंद झाला की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग पडतो. वेग पडला की जेटमधून पेट्रोल ओढणारा जोर कमी होतो. उघड्या वाळवंटात कायम वरच्या आरपीएमला गाडी ठेवणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. चिंचवड स्टेशनच्या सिग्नलपासून पिंपरी चौकापर्यंत पहिला-दुसरा करत जाणाऱ्याला मात्र प्रत्येक सिग्नलला गाडी मिस मारते, हेच पदरात पडतं.

आणि टू-स्ट्रोकमध्ये प्रश्न नुसता पळण्याचा नसतो. या इंजिनाला तळाशी ऑईलचं तळं नाही. लिटरमागे वीस मिली टू-टी ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि तेही त्याच जेटच्या भोकातून आत जायचं. भोक लहान पडलं की मिश्रण पातळ होऊन सिलिंडर तापतं, आणि नेमकं तेव्हाच ऑईलही कमी मिळतं. चार-स्ट्रोकवाला चुकला तर त्याचं ॲव्हरेज बिघडतं. इथे पिस्टन जाम होतो.

हे मी एका पिस्टनच्या किमतीत शिकलो. वडिलांच्या चेतकला एका दुकानातून नवा डबाबंद कार्बेटर आणला. आकडा बरोबर होता, ओतकाम चकचकीत होतं. पण आतल्या मेन जेटवर 98 लिहिलं होतं म्हणून 98च असेल असं मी मानलं. दापोडीच्या पुढे गाडीने आधी आवाज बदलला, मग मागचं चाक घट्ट धरलं. नंतर मिस्त्रींनी जुन्या जेटमधून जाणारी बारीक तार नव्यात घालून दाखवली. ती जाईना. म्हणाले, "साहेब, आकडा काय, कुणीपण कोरतो."

डेलॉर्टोच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 100 म्हणजे एक मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा त्यातून किती द्रव वाहतो त्याचा असतो. म्हणून एकाचं 100 दुसऱ्याच्या 100 शी जुळवणं म्हणजे किलो आणि लिटरची तुलना.

आता यात एक नवा पाहुणा आलाय. 2025 पर्यंत बहुतेक पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. निव्वळ पेट्रोलला एका किलोमागे सुमारे 14.7 किलो हवा लागते, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. हवा तीच आत येणार, मग इंधन साधारण आठ-नऊ टक्के जास्त द्यायला हवं. जेटचा हिशेब व्यासाने न करता क्षेत्रफळाने करायचा असतो. 98 च्या जागी 102 टाकलं तर भोक सव्वाआठ टक्क्यांनी मोठं होतं. चार शतांश मिलिमीटरचा फरक, डोळ्यांना दिसणारही नाही. त्यात इथेनॉल पाणी धरून ठेवतं. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोटच्या वाटीत पांढरी भुकटी सापडते, फ्लोटच्या सुईचं जुनं रबर फुगतं, आणि मग कार्बेटर 'ओव्हरफ्लो होतोय' अशी तक्रार येते.

ही तक्रार ऐकून कार्बेटर बदलू नये. फ्लोटची सुई बदलावी. मिस्त्री लोक टाकाऊ ठरवतात त्यातले बरेच कार्बेटर नुसते घाण झालेले असतात. निकाल लागतो तो स्लाइडवर. ती आपल्या खाचेत डगडगू लागली, की तिच्या बाजूने चोरटी हवा शिरते आणि ते कुठल्याच जेटने भरून निघत नाही. दुसरं मरण बोल्टांचं. दोन लांब बोल्ट ताकद लावून आवळले की अंग वाकतं आणि स्लाइड अडकते. ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी गुरगुरतच राहते. अशा वेळी मात्र नवा घ्यावा.

कुठून, हे सांगणं आता सोपं राहिलेलं नाही. पुण्यात नाना पेठ आहे, जुन्या बाजारात नशीब असेल तर अस्सल इटालियन ओतकामही मिळतं. आमच्याकडे चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं मैलभर पसरलेली असायची. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली.

आणि जिथे चेतक बनायची त्या आकुर्डीच्या कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन 2007 मध्ये थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झालं 10 जून 2022 ला, राहुल बजाज यांच्या जन्मदिनी, विजेवरच्या चेतकसाठी. तिला चोक नाही, जेट नाही, सकाळी अंगणात तिरकी करून पेट्रोल घशात उतरवायचं कारण नाही. 2020 च्या एप्रिलपासून प्रदूषणाच्या बीएस-सहा नियमांनी बहुतेक नव्या पेट्रोल दुचाक्यांतूनही कार्बेटर घालवला.

मी शेवटी काय केलं? नव्या कार्बेटरचं अंग चांगलं होतं, ते ठेवलं. जुन्याचं पितळी त्रिकूट त्यात बसवलं, फक्त मेन जेट मोठं टाकलं. टू-स्ट्रोकमध्ये मोठ्यापासून सुरू करून खाली यायचं, लहानापासून वर चढायचं नाही. 105 वर सायलेंसर ओकायला लागला, म्हणून 102 वर आलो. निगडीपर्यंत मोकळ्या रस्त्याने नेऊन, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढला. काथाचा रंग आला होता. 105 काड्यापेटीत घालून डिकीत ठेवलंय. डिसेंबरच्या पहाटेची हवा जड असते, तेव्हा लागेल.