पाटी बदलली, पॅन तोच

२००७ च्या जुलैअखेर यूटीआय बँकेची अ‍ॅक्सिस बँक झाली. पाट्या बदलल्या, चेकबुके बदलली. बँकेच्या पॅनमधले पाचवे अक्षर मात्र आजही ‘यू’च आहे. पॅन देताना नावाचे आद्याक्षर (व्यक्ती असेल तर आडनावाचे) पाचव्या जागी बसते आणि पुढे नाव बदलले तरी पॅन तोच राहतो. पंधरा अंकाक्षरी जीएसटी नंबरातही राज्याच्या संकेतांकामागून, म्हणजे महाराष्ट्रात २७ नंतर, हाच पॅन असतो. करखात्याच्या लेखी धंद्याची खरी ओळख ती.

त्यामुळे नाव बदलण्याआधी पाहायचे ते एवढेच, की पॅन कोणाचा आहे?

एकट्याच्या मालकीच्या दुकानाचा पॅन मालकाचाच असतो. ‘गणेश ट्रेडर्स’चे ‘गणेश मार्ट’ केले तर पॅनला हात लावायचे कारण नाही. जीएसटी नोंदणीतले ‘ट्रेड नेम’ तेवढे बदलून घ्यायचे.

कंपनीचे काम लांबते. विशेष ठराव, कंपनी निबंधकांचे नव्या नावाचे प्रमाणपत्र, त्यावरून पॅनमधली दुरुस्ती आणि मग जीएसटी, असा हा क्रम आहे. तो उलटवून चालत नाही, कारण जीएसटी पोर्टल कायदेशीर नाव पॅनच्या नोंदीशी ताडून पाहते. त्यातच जीएसटीचा अर्ज बदलापासून १५ दिवसांत करायचा असतो. म्हणून प्रमाणपत्र हाती येईल त्याच दिवशी पॅन दुरुस्तीचा अर्ज टाकलेला बरा. जीएसटी अधिकाऱ्याने शंका काढली, तर उत्तराला कामाचे सात दिवस मिळतात. टीडीएस कापणाऱ्यांनी टॅन आणि महाराष्ट्रातल्यांनी व्यवसाय कराची नोंदणीही विसरू नये.

कंपनीचे नाव आणि ग्राहकाच्या तोंडातले नाव एकच असावे असेही नाही. मार्च २०२५ मध्ये झोमॅटो लिमिटेडची इटर्नल लिमिटेड झाली, पण जेवण मागवायचे अ‍ॅप झोमॅटोच राहिले.

खरी फसगत होते ती मालकीच्या दुकानाची प्रायव्हेट लिमिटेड करताना. नाव जवळपास तेच, गाळा तोच, माल तोच. म्हणून अनेकांना हा नावातला बदल वाटतो. पण कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. तिला नवा पॅन लागतो आणि जीएसटीची नोंदणीही नवीच घ्यावी लागते. जुन्या खात्यात शिल्लक असलेले इनपुट टॅक्स क्रेडिट आपोआप तिकडे जात नाही. त्यासाठी धंदा देण्याघेण्यासह हस्तांतरित झाल्याचा करार, सीएचे प्रमाणपत्र आणि ‘आयटीसी-०२’ हा अर्ज हवा. हे न करता जुनी नोंदणी रद्द केली, तर शिल्लक मालावर घेतलेले क्रेडिट परत भरावे लागते. भरल्या गोदामाच्या व्यापाऱ्याला हा फटका फार मोठा बसतो.

नाव बदललेल्या कंपनीला दोन वर्षे पाटीवर, बिलांवर आणि लेटरहेडवर नव्या नावासोबत जुनेही छापावे लागते. नवे बिलबुक छापायला टाकताना छापखान्याला हे आधीच सांगावे.