गाण्याचे बक्षीस आणि गाणाराचा करार

21 जानेवारी 1957 च्या रात्री न्यूयॉर्कमधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात चोवीस वर्षांची एक बाई गायला उभी राहिली. कार्यक्रम आर्थर गॉडफ्रे याचा, नाव ‘टॅलेंट स्काउट्स’. नवे गुणी कलावंत आणायचे, त्यांच्याकडून गाऊन घ्यायचे आणि टाळ्यांचा आवाज यंत्राने मोजून विजेता ठरवायचा, अशी ही स्पर्धा. बाईचे नाव पॅट्सी क्लाइन. व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर गावची. शाळा लवकर सुटली, पुढे कोंबड्या कापून साफ करण्याच्या कारखान्यात आणि औषधांच्या दुकानात तिने काम केले. रात्री गावोगावच्या जलशांत गायची. त्या रात्री गायलेले ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ हे गाणे तिला स्वतःला फारसे आवडत नव्हते आणि अंगातला झगाही कार्यक्रमवाल्यांच्या आग्रहाचा होता. पण टाळ्यांचा काटा चढला. ती जिंकली. ध्वनिमुद्रिका बाजारात आली, ग्रामीण गाण्यांच्या यादीत दुसऱ्या आणि सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकावर गेली.

आणि पुढची चार वर्षे काही नाही!

याचे कारण गळ्यात शोधणाऱ्यांना ते सापडणार नाही. माझे बरेचसे आयुष्य करारनामे वाचण्यात आणि दुसऱ्यांना वाचून दाखवण्यात गेले, म्हणून मी ते कागदात शोधतो. पॅट्सीने 1954 साली फोर स्टार नावाच्या कंपनीशी करार केला होता. कंपनीच्या मालकीची गाणीच तिने गायची, असे त्यात बंधन होते. चांगले गाणे दुसऱ्या प्रकाशकाकडे असले तर ते तिच्यासाठी नाहीच. तिचा विक्रीतला वाटाही त्या वेळच्या प्रचलित दराच्या निम्म्याच्या आसपास. 1960 साली ती या करारातून सुटली आणि डेका कंपनीकडे गेली. 1961 मध्ये ‘आय फॉल टू पीसेस’ यादीत पहिले आले, पाठोपाठ ‘क्रेझी’ गाजले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही काळांत तिचे ध्वनिमुद्रण करवून घेणारा प्रमुख माणूस एकच, ओवेन ब्रॅडली. गाव तेच, नॅशव्हिल. आवाज तोच. बदलला तो कागद. मार्च 1963 मध्ये विमान अपघातात ती गेली, तेव्हा तीस वर्षांची होती. मोकळेपणाने गाण्यासाठी तिला पुरती तीन वर्षेही मिळाली नाहीत.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गाण्याला तिकडे ‘कंट्री’ म्हणतात. गिटार, फिडल आणि बँजो ही त्याची वाद्ये. शेत, चर्च, दारू, आई, मोडलेला संसार हे त्याचे विषय. हे गाणे वाढले नभोवाणीवर. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून 1925 साली सुरू झालेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम आजही चालू आहे. त्याचे सदस्यत्व मिळणे म्हणजे मानाचे पान. कंट्री गायकाचे बस्तान आजही बऱ्याच अंशी नभोवाणीवर बसते किंवा उठते.

आता आपल्या काळातल्या स्पर्धा पाहू. मे 2005 मध्ये ओक्लाहोमातील चेकोटा या लहानशा गावची कॅरी अंडरवुड ‘अमेरिकन आयडल’ जिंकली. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडल’ ठरला होता, हे श्रोत्यांना आठवत असेल. अंडरवुडचा पहिला संच लाखांनी खपला, 2008 मध्ये ती ऑप्रीची सदस्य झाली. मुलांना स्पर्धेत घालणारे सगळे पालक तिकडे तिचेच उदाहरण देतात. लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो तिकीटविक्रेता दुकानात लावतो, तसे हे आहे.

दुसरा फोटो कोणी लावीत नाही, तो मी लावतो. क्रेग वेन बॉइड हा टेक्ससचा गायक अनेक वर्षे नॅशव्हिलमध्ये धडपडत होता. डिसेंबर 2014 मध्ये तो ‘द व्हॉइस’ ही स्पर्धा जिंकला. त्याचे विजयाचे गाणे कंट्री गाण्यांच्या मुख्य यादीत एकदम पहिल्या क्रमांकावर दाखल झाले आणि पुढच्याच आठवड्यात यादीतून साफ बाहेर पडले. यात जादू नाही. ऑक्टोबर 2012 पासून ही यादी केवळ नभोवाणीवरून ठरत नाही, इंटरनेटवरची विक्री आणि ऐकणेही तीत धरतात. कार्यक्रम पाहणाऱ्यांनी आपल्या आवडत्या उमेदवाराला मत द्यावे तसे गाणे विकत घेतले. आठवडा सरला, मतदान संपले. नभोवाणी केंद्रांनी ते गाणे लावलेच नव्हते. पुढच्याच वर्षी कंपनीचा आणि त्याचा संबंध संपला.

नभोवाणीचे चक्र वेगळे फिरते. 1996 च्या कायद्याने केंद्रांच्या मालकीवरील मर्यादा सैल झाल्या आणि शेकडो केंद्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती गेली. त्यांच्याकडे नवे गाणे वर चढायला महिनोन् महिने लागतात, आणि तेवढे दिवस कंपनीने पाठीशी उभे राहावे लागते. स्पर्धेचा पुढचा हंगाम मात्र तोवर नवा विजेता घेऊन दारात येतो. नॉर्थ कॅरोलिनाचा स्कॉटी मक्रीरी 2011 साली सतराव्या वर्षी ‘आयडल’ झाला. त्याचा पहिला संच देशात पहिल्या क्रमांकावर आला, तरी 2016 मध्ये कंपनीने त्याला नारळ दिला. त्याने आजोबांच्या आठवणीचे एक गाणे स्वतःच्या हिमतीवर बाहेर काढले. 2018 च्या आरंभी, म्हणजे स्पर्धा जिंकल्यावर जवळजवळ सात वर्षांनी, तेच त्याचे नभोवाणीवरील पहिले अव्वल गाणे ठरले.

पैशाचा हिशेब तर आणखी चमत्कारिक आहे. अमेरिकेत साध्या नभोवाणीवर गाणे लागले की पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. गाणाराला दमडी नाही. हे बदलावे म्हणून 2021 साली तिथल्या संसदेत विधेयकही मांडले गेले. म्हणून जो स्वतः गाणी रचतो त्याचा पाया पक्का. ‘नॅशव्हिल स्टार’ या स्पर्धेत 2003 साली बडी ज्युएल पहिला आला आणि दोन-तीन महिन्यांत त्याचा संच घाईने बाजारात आला. त्याची दोन गाणी तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, पण पुढे ओघ आटला. तिसरी आली होती मिरांडा लँबर्ट. तिने दोन वर्षे घेतली, बहुतेक गाणी स्वतः रचली, एकटीने किंवा जोडीने, आणि 2005 मध्ये संच काढला. आज ती त्या क्षेत्रातली थोर गायिका मानली जाते. 2007 साली त्याच स्पर्धेत केसी मस्ग्रेव्ह्ज सातवी आली. तिने नॅशव्हिलमध्ये राहून दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली. त्यातले ‘मामाज ब्रोकन हार्ट’ गाजवले कोणी, तर लँबर्टने! सातवीचे गाणे तिसरीच्या तोंडी. 2019 मध्ये मस्ग्रेव्ह्जच्या संचाला वर्षातील सर्वोत्तम संचाचे ग्रॅमी मिळाले.

विजेत्याचा करार बहुतेकदा स्पर्धेत उतरतानाच झालेला असतो, म्हणजे उमेदवाराची किंमत शून्य असताना. ध्वनिमुद्रण, व्यवस्थापन, जाहिराती, सगळे एकाच घराच्या हाती. करार पुढे वाढवायचा की नाही, हा पर्याय कंपनीचा, गायकाचा नव्हे. 2012 चा ‘आयडल’ विजेता फिलिप फिलिप्स हा कंट्री गायक नव्हे, पण त्याने 2015 मध्ये याच बाबतीत कॅलिफोर्नियाच्या कामगार आयुक्तांकडे दाद मागितली, हे आम्हा कामगारवाल्यांना विशेष वाटते. गायक कामगारच आहे, हे त्याला विजेता झाल्यावर कळले.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीतले दृश्यही पाहण्यासारखे आहे. विजेता मधोमध उभा असतो, मागे फिडलवाला बसलेला असतो. फिडलवाला वादकांच्या संघटनेचा सभासद. त्याचे दर तासांप्रमाणे ठरलेले, गाणे चालो न चालो, ते त्याला मिळतात. इंटरनेटवरील नभोवाणीच्या रकमेतूनही 5 टक्के मागच्या वादकांसाठी आणि साथ देणाऱ्या गायकांसाठी राखलेले आहेत, आणि तो निधी दोन संघटना मिळून चालवतात. विजेत्याला मिळते ती उचल. त्या ध्वनिमुद्रणाचा खर्च, फिडलवाल्याच्या मजुरीसकट, त्याच्या विक्रीच्या वाट्यातून आधी वळता होतो. त्या दिवशी संध्याकाळी फिडलवाला मजुरी कमावून घरी जातो आणि विजेता कर्ज घेऊन.