अल्गोरिदमचा पेपर आणि त्याच्या गुणांचा हिशेब

ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्यांत अलीकडे कॉम्प्युटर सायन्सची मुलेमुली बरीच असतात. त्यांच्या गुणपत्रिकेत ‘अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन ऑफ अल्गोरिदम’ असा एक विषय आढळतो, आणि एरवी हुशार असलेला विद्यार्थी नेमका तेथेच मागे पडलेला दिसतो. पांढुर्णा-सौंसरकडील आपली घरे शेतीची नि व्यापाराची. हा विषय काय आणि त्याचे गुण कसे देतात, हे वडीलमंडळींना कोणी सांगितलेले नसते; म्हणून हा प्रपंच.

अल्गोरिदम म्हणजे काम तडीस नेण्याची पायरीपायरीने सांगितलेली रीत. सभासदांच्या नोंदवहीत हजार नावे अकारविल्हे लावलेली आहेत असे समजा. पहिल्या पानापासून वाचत गेलो तर हजारही नावे पाहावी लागतील. उलट, वही मधोमध उघडून दरवेळी निम्मी सोडून दिली, तर फार तर दहा वेळा पाहून काम होते. दोन्ही रीती बरोबर; पण श्रमांत केवढे अंतर! ते अंतर मोजणे हाच या विषयाचा गाभा होय.

दुसरी गोष्ट संत्र्यांची. ट्रकमध्ये १० टन माल मावतो. एक ढीग ६ टनांचा, भाव टनाला २२ हजार. दुसरे दोन ५-५ टनांचे, भाव २० हजार. ‘चढ्या भावाचा माल आधी’ ही रीत कोणालाही सुचेल. ढीग फोडता येत असतील तर ती उत्तमच: ६ टन आणि वर ४ टन, एकूण २ लाख १२ हजारांचा माल. पण ढीग फोडायचे नाहीत असे ठरले, की पहिला ढीग भरल्यावर दुसरा मावत नाही, आणि १ लाख ३२ हजारांवर समाधान मानावे लागते. ५-५ टनांचे दोन भरले असते तर २ लाख झाले असते! सहज सुचणारी रीत कोठे चालते आणि कोठे फसते, याची सिद्धता विद्यार्थ्याने द्यावयाची असते. नुसते उत्तर लिहून भागत नाही. पाठांतरावर आजवर निभावलेली मुले येथे अडखळतात.

आता गुणांचा हिशेब. भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाच्या, म्हणजे १९९८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या योजनेत हा विषय चौथ्या सत्रात येतो. पाच घटक असतात. विभागून सोडवण्याची रीत, वर सांगितलेली लोभी रीत, डायनॅमिक प्रोग्रामिंग, बॅकट्रॅकिंग आणि शेवटी वृक्षरचना व अतिकठीण प्रश्नांचा वर्ग. थिअरीच्या १०० गुणांपैकी सत्रान्त परीक्षेला ७०, मधल्या चाचण्यांना २० आणि क्विझ व गृहपाठाला १०. सत्रान्त पेपरात आठांपैकी पाच प्रश्न, प्रत्येकी १४ गुणांचे; प्रश्न इंग्रजी व हिंदी दोन्हींत छापतात. प्रॅक्टिकलचे ५० गुण निराळे. श्रेणी ‘ए प्लस’पासून ‘डी’पर्यंत, त्याखाली ‘एफ’ म्हणजे नापास.

घरच्यांचे लक्ष असते ते शेवटच्या पेपराकडे. पण दोघांनाही त्यात ७० पैकी ५० मिळाले, आणि आधीच्या ३० पैकी एकाला १० व दुसऱ्याला २६ असले, तर एक ६० वर राहतो, दुसरा ७६ वर जातो. चेन्नईचे प्राध्यापक माधवन मुकुंद यांचा हाच विषय एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकता येतो. तेथेही प्रमाणपत्रासाठी गृहपाठाचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण धरतात, आणि गृहपाठात किमान १० नसतील तर परीक्षेत कितीही मिळवा, प्रमाणपत्र मिळत नाही.

आपल्याकडची एक अडचण मात्र निराळीच. चौथे सत्र साधारणपणे वर्षाच्या पूर्वार्धात चालते, आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची तोड असते. ‘दोन-चार दिवस ये, परीक्षा तर अजून लांब आहे’ म्हणून मुलाला घरी बोलावतात. नेमके त्याच सुमारास मधल्या चाचणीचे वीस गुण वर्गात वाटले जात असतात.